वाचणं सोपं, लिहिणं जोखमीचं

पायथन शिकवताना फाईल वाचणं आणि फाईल लिहिणं हे एकाच धड्यात उरकतात. दोन्हींना तेच 'ओपन' लागतं, फरक मोडच्या एका अक्षराचा: वाचायला 'आर', लिहायला 'डब्ल्यू'. त्यामुळे दोन्ही कामं सारख्याच तोलाची वाटतात. जुनी मराठी पुस्तकं, कोशांच्या नोंदी, ओव्यांचे संग्रह अशा मजकुराची साफसफाई हे माझं रोजचं काम. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: वाचताना झालेला घोटाळा निस्तरता येतो, लिहिताना झालेला बहुतेकदा येत नाही. फायली हाताळण्याच्या माझ्या साऱ्या सवयी याच मतातून आल्या आहेत.

डिस्कवर अक्षरं नसतातच. तिथे असतात बाइट, म्हणजे ० ते २५५ मधल्या संख्या. कोणत्या संख्येचं कोणतं अक्षर हे एनकोडिंग ठरवतं, आणि साध्या टेक्स्ट फाईलमध्ये तिचं एनकोडिंग कोणतं हे सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. ते वाचणाऱ्यालाच ठाऊक असावं लागतं. युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिला आहे. यूटीएफ-८ मध्ये त्या पट्ट्यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'मराठी' हा शब्द पायथन मोजतं तेव्हा ५ चिन्हं भरतात: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. डिस्कवर त्याच शब्दाचे १५ बाइट होतात. प्रत्येक तिकडीतला पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. मराठी मजकुराच्या फाईलचे बाइट उघडून पाहिले की हा ठेका लगेच नजरेत भरतो.

आता विंडोजवर एनकोडिंग न सांगता ही फाईल उघडली, तर पायथन बहुधा १२५२ क्रमांकाचं पश्चिम युरोपीय कोडपेज धरून चालतं. गावांच्या यादीत फक्त नाशिक, सातारा, नागपूर असतील तर ती निमूट वाचली जाते, पण हाती येतो तो लॅटिन चिन्हांचा कचरा. यादीत पुणे किंवा कोल्हापूर घाला, की प्रोग्राम थांबतो. कारण पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट १२९ आणि पाय मोडण्याच्या चिन्हाचा १४१. त्या कोडपेजात या दोन जागा रिकाम्या आहेत. नवशिक्याला हे थांबणं संकट वाटतं. मला धास्ती वाटते ती निमूट वाचल्या गेलेल्या यादीची. थांबलेला प्रोग्राम काही बिघडवत नाही. न थांबलेला तोच कचरा पुढच्या फाईलमध्ये लिहून ठेवतो.

कुणी बिघडलेली फाईल घेऊन आलं की मी आधी एवढंच पाहतो, की दिसतंय काय. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए पुन्हा पुन्हा दिसत असेल तर माझा जीव भांड्यात पडतो. तो ए म्हणजेच आपला २२४. बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचले गेलेत. यूटीएफ-८ सांगून पुन्हा उघडली की सगळं जागच्या जागी असतं. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं असतील, तर देवनागरी नसलेल्या एनकोडिंगमध्ये ती फाईल कुणीतरी सेव्ह केलेली असते. क असो वा ज्ञ, सगळ्यांचं एकच प्रश्नचिन्ह झालेलं असतं. जुनी प्रत नसेल तर तिथे इलाज संपतो.

याच कारणासाठी 'ओपन'मधल्या 'एरर्स'च्या जागी 'इग्नोर' लिहिण्याला माझा ठाम विरोध आहे. तसं लिहिलं की तक्रारी थांबतात, आणि न कळलेली अक्षरं गाळली जातात. खराब झालेल्या फाईलमध्ये 'काळ' मधला काना निसटला की 'कळ' उरतं. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीतही ते सापडत नाही. वाचताना पायथन मुळात कडक असतं, आणि ते कडकच राहू द्यावं.

लिहिण्याची खरी जोखीम 'डब्ल्यू'मध्ये आहे. त्या मोडने फाईल उघडली, की एक अक्षरही लिहिण्याआधी ती रिकामी होते. पुढच्या ओळीत प्रोग्राम कोसळला तर जुनं गेलं आणि नवं आलं नाही. म्हणून मी मूळ फाईलवर कधीच लिहीत नाही. शेजारी नव्या नावाने 'एक्स' मोडमध्ये फाईल उघडतो. त्या नावाची फाईल आधीच असेल तर पायथन स्पष्ट नकार देतं. उघडतो तीही 'विथ'च्या आत, कारण लिहिलेला मजकूर आधी मेमरीत साठतो आणि फाईल बंद होताना उरलासुरला पुढे जातो; मधेच काही बिनसलं तरी 'विथ' फाईल बंद करतंच. मूळच्या जागी नवी आणायचीच असेल, तर 'ओएस' मॉड्यूलमधलं 'रिप्लेस' वापरतो. एकाच फाईल सिस्टिमवर ही अदलाबदल एका झटक्यात होते. नाव जुन्या फाईलचं असतं किंवा नव्या फाईलचं, अर्ध्यामुर्ध्या फाईलचं नाही.

मूळ प्रत जपण्याचं आणखी एक कारण खास मराठी आहे. 'दऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप झालेला सापडतो: एकात नुक्त्याचा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र', पाय मोडण्याचं चिन्ह आणि त्यामागे शून्य रुंदीचं अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. पायथनचं 'युनिकोडडेटा' हे मॉड्यूल त्यांना एकरूप करत नाही. तो नियम आपल्याला लिहावा लागतो. मी तो मजकूर वाचून झाल्यावर लावतो आणि निकाल वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो. माझा नियम उद्या अपुरा ठरला, तर मुळात काय टाइप केलं होतं हे पाहायला जागा हवी.

पायथनच्या ३.१५ आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचं ठरलं आहे. मराठीत काम करणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. तरी मी 'ओपन'मध्ये एनकोडिंग लिहीतच राहणार, कारण माझ्यानंतर तो प्रोग्राम हाती घेणाऱ्याला फाईल कशी आहे हे त्याच ओळीत कळतं.

शिकायला येणाऱ्यांना मी आधी लिहिण्याचा धडा देतो. एखादी मराठी फाईल घ्या, तिची प्रत लिहा, ती प्रत पुन्हा वाचा आणि मुळाशी बाइट न् बाइट ताडून पाहा. मराठीतल्या कितीतरी मजकुराची एकच प्रत कुणाच्या तरी संगणकात असते. अशा फाईलवर काम करताना ताडून पाहिल्याशिवाय 'झालं' म्हणू नये.