दमलेले हृदय

आपल्याकडे ‘हार्ट फेल झाले’ म्हणजे माणूस गेला. त्यामुळे डॉक्टरांनी ‘हार्ट फेल्युअर’ म्हणताच आमच्या अण्णांनी विम्याचे कागद काढून ठेवले! वास्तविक असे हृदय बंद पडलेले नसते, दमलेले असते. रक्त पुरेसे पुढे ढकलले जात नाही, अंगात पाणी साठते, पाय सुजतात, आडवे होताच धाप लागते. मी पडलो शब्दांचा मास्तर; अण्णांना अर्थ समजावला. आता ते रोज सकाळी न्याहारीपूर्वी वजन करून वहीत टिपतात. ३ दिवसांत २ किलो वाढले, तर ते बाळसे नव्हे, पाणी. लगेच डॉक्टरांना कळवायचे. लोणचे-पापड ताटातून गेले.

“मीठच गेलं, मग राहिलं काय?” अण्णा कुरकुरतात.

“तुम्ही राहिलात की!” म्हणत वहिनी भाजीवर लिंबू पिळतात.