आवणीच्या दिवसांतली पाने

3 जुलै 2024, जव्हार
धुकं. दहा वाजले तरी वॉर्डात दिवे लागलेले. झाडावरून पडलेला पोरगा, मनगट मोडलेलं. केटामाइन दिलं. डोळे उघडे, नजर छताला, श्वास आपला आपण चाललेला. वीज गेली. बॅटरीच्या उजेडात हाड बसवलं. आई दारातून विचारते, "जागा हाय का निजला?" काय सांगणार.

4 जुलै
केटामाइनच्या वायल मोजल्या, रजिस्टर जुळलं. किल्ली सिस्टरांकडे. 2011 पासून हे औषध अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आहे, म्हणून हा सोपस्कार. नव्या मुलांना कटकट वाटते. मला नाही वाटत. मोठं भूलयंत्र नसलं तरी चालणारी भूल. डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक यादीत 1985 पासून उगीच नाही.

8 जुलै
मोखाड्याकडच्या पाड्यावरचा मुलगा. बावीस-तेवीसचा. वसईत साउंडवाल्याकडे कामाला, भाताच्या आवणीला घरी आलाय. दर वीस मिनिटांनी लघवी. जळजळ, रक्त. बाहेर अँटिबायोटिकं घेऊन झालीत. बाप म्हणतो, "चार मुठी लावत नाय तर बांधावर."

12 जुलै
कल्चरमध्ये जंतू नाहीत. खडा नाही. साखर ठीक. या भागात पहिला संशय टीबीचा. नमुने पाठवले.

15 जुलै
टीबी निगेटिव्ह. सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड, आत जेमतेम शंभर मिली मावतं. एरवी चारशे-पाचशे. हे या वयात?

17 जुलै, आषाढी
बापाला चहाला पाठवलं आणि विचारलं. बराच वेळ गप्प. मग, "पावडर. नाकातून. के म्हणतात." पार्टी आटोपली की कोणीतरी द्यायचं. आधी शनिवारी, मग रोज, मग जास्त. ओटीपोटात कळ आली की पुन्हा तीच ओढायची, कळ थांबते. ज्यानं जखम केली त्याचंच औषध.
जाताना म्हणाला, "दारू नाय पीत मी, मॅडम."

18 जुलै
रात्री वाचत बसले. टोरांटो, 2007: रोज केटामाइन, म्हणजे तेच 'के', घेणारे नऊ रुग्ण, मूत्राशयात व्रण. पाठोपाठ हाँगकाँगहून तेच. यकृतात औषधाचं रूप बदलतं, ते लघवीतून बाहेर पडतं, जाता जाता अस्तर सोलतं. मग भिंत आकसते, लघवी वर तुंबते, मूत्रपिंडं बिघडतात. पित्तनलिकांनाही इजा. स्मरणशक्तीलाही. वर दारू असेल तर श्वासाचाही भरवसा नाही.
मी देते ते वजनावर मोजून, एकदा, नाडीवर बोट ठेवून.

19 जुलै
सिस्टर: "म्हणजे आपलंच औषध?" हो म्हटलं. लगेच वायल मोजायला गेल्या. सगळ्या जागेवर.
आपल्या कपाटातून कितीसं जाणार? 2018 मध्ये गोव्यात पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत महसूल गुप्तचर खात्यानं, डीआरआयनं, केटामाइनचा कारखानाच पकडला होता.

22 जुलै
पाऊस थांबेना.

24 जुलै
मोखाड्याला कॅम्प. चहाच्या टपरीवर गेल्या दिवाळीआधीची गोष्ट अजून चघळतात. फार्महाऊसवर एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना, सुमारे 37 कोटींचा माल. ते वेगळं, हे वेगळं. टपरीवर दोन्ही "पावडर"च.

29 जुलै
मुलाला नाशिकला पाठवायचं ठरलं, मूत्ररोगतज्ज्ञाकडे. एसटीनं जायला तयार नाही. घाटात लघवी कुठे करायची? बापानं उसनवार करून जीप ठरवली. आवणी अर्धी राहिली.

17 ऑगस्ट
पेपरात 'फ्रेंड्स'मधला नट मॅथ्यू पेरी. गेल्या ऑक्टोबरात केटामाइननं गेला. आता पाचजणांवर आरोप, त्यांत दोन डॉक्टर. दुसऱ्यांदा वाचलं.

22 ऑगस्ट
बापाचा फोन. पावडर बंद आहे. तासभर तग धरतो, रक्त थांबलंय. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, बंदच राहिली तर थोडं भरून येईल, किती ते आत्ता सांगता येत नाही. पुन्हा घेतली तर ऑपरेशनची वेळ येईल.
मग मुलगा फोनवर. गणपतीत साउंडचं काम जोरात, वसईला जाऊ का? जाऊ नको म्हटलं. "मग पैसे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

2 सप्टेंबर
ओपीडीच्या टेबलावर काचेखाली चिठ्ठी ठेवली, नव्या डॉक्टरांसाठी: तरुण रुग्ण, लघवीत रक्त, कल्चरमध्ये जंतू नाहीत, तर टीबी तपासा. आणि नातेवाइकांना बाहेर पाठवून पावडरीचं विचारा. रागावू नका, नाहीतर तो परत येणार नाही.