मी फुल फ्रेम घेतो

माणसाला छंद असावा, पण छंदाला भाचा असू नये. माझ्या फोटोग्राफीला तो आहे.

निवृत्त होताना कचेरीतल्या लोकांनी मला शाल, नारळ आणि एक कॅमेरा दिला. शालीनं कपाटात जागा धरली, नारळाची चटणी झाली आणि कॅमेरा मानगुटीवर बसला. सात वर्षं झाली, अजून उतरलेला नाही. रामकुंडाच्या पायऱ्यांपासून त्र्यंबकच्या ढगांपर्यंत सगळं टिपून झालं आणि शेवटी, बहुतेक जण थांबतात तसा, मी पक्ष्यांवर येऊन थांबलो. पक्षी तक्रार करत नाहीत. नातेवाइकांचे फोटो काढले की ‘माझं पोट एवढं नाहीये’ हे ऐकून घ्यावं लागतं. पाणकोंबडी असलं काही म्हणत नाही.

तर गेल्या वर्षापासून माझे फोटो बिघडायला लागले. सगळं कसं धूसर, पिवळट, धुक्यातून काढल्यासारखं. भाच्याला विचारलं, तर त्यानं फोटो बघायच्या आधीच निदान केलं.

“मामा, तुमचा सेन्सर छोटा आहे.”

सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला चारचौघांत हे ऐकणं बरं वाटत नाही. मग त्यानं खुलासा केला. माझ्या कॅमेऱ्याचा डोळा साधारण २४ बाय १६ मिलिमीटर. खऱ्या कॅमेऱ्याचा, म्हणजे फुल फ्रेमचा, ३६ बाय २४. क्षेत्रफळ सव्वादोन पट. प्रकाश जास्त, पहाटेच्या अंधारातही चित्र स्वच्छ. त्या क्षणापासून मला माझा कॅमेरा म्हणजे एका खोलीचं बिऱ्हाड वाटू लागला.

एम. जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. विक्रेत्यानं तो कॅमेरा माझ्या हातात दिला तो नवजात नातू देतात तसा, खाली स्वतःचे हात धरून. किंमत त्यानं मागाहून सांगितली. आधी सांगितली असती तर कॅमेरा खाली पडला असता.

“आणि माझ्या जुन्या लेन्सा?”

“त्या छोट्या सेन्सरच्या, काका. बसतील, पण चित्राच्या कडा कापाव्या लागतील.”

म्हणजे सबंध वाडा घ्यायचा आणि राहायचं पुन्हा एकाच खोलीत. शिवाय भाच्यानं न सांगितलेली एक गोम तिथंच कळली. छोट्या सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५०ची असल्यागत दृश्य जवळ आणते. फुल फ्रेमवर ती निमूटपणे ३००चीच राहते. म्हणजे सव्वादोन पट मोठा सेन्सर घ्यायचा आणि त्यात पक्षी दीडपट लहान दिसायचा! यावर उपाय म्हणजे आणखी लांब लेन्स, आणि तिची किंमत कॅमेऱ्याहून वर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण पूर्वजांनी पाणकोंबडीवरूनच काढली असणार.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी घरी येऊन मुदत ठेवीची पावती शोधायला लागलो.

“काय शोधताय?” हिनं विचारलं.

मी सिंहस्थापासून सुरुवात केली. २०२७चा सिंहस्थ, पहाटेची स्नानं, अपुरा उजेड, आणि पुढचा बारा वर्षांनी, तेव्हा आपण कुठं असू कोण जाणे. हिच्यावर परिणाम झाला नाही. मग मी हुकमी पान टाकलं. नाशिककराच्या घरात कॅमेऱ्यावरून वाद झाला की दादासाहेब फाळक्यांना यावंच लागतं. “१८७०मध्ये इथं त्र्यंबकला जन्मलेला माणूस,” मी म्हणालो, “विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२मध्ये लंडनला गेला, कॅमेरा घेऊन आला आणि १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. आणि सरस्वतीबाई! अंगावरचे दागिने काढून दिले, रात्री जागून फिल्मला भोकं पाडली, भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. आणि हे फुल फ्रेम तरी काय आहे? सिनेमाचीच फिल्म आडवी घालून, तिच्या दोन चौकटींची एक करून बार्नाक नावाच्या जर्मन माणसानं लायका कॅमेरा केला, तो १९२५मध्ये बाजारात आला. तेच हे माप. म्हणजे एका परीनं हा फाळक्यांचाच वारसा!”

हिनं बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकावर मुलांच्या किती सहली नेल्या असतील याची मोजदाद नाही.

“त्यांनी हरिश्चंद्र काढला,” ही म्हणाली. “तुम्ही पाणकोंबडी काढता. आणि विलायतेला जायच्या आधी त्यांची दृष्टी गेली होती. ती त्यांनी औषधपाणी करून आधी परत मिळवली, मग कॅमेरा आणला. ते नाही सांगितलंत?”

मी म्हटलं, याचा इथं काय संबंध?

निकाल लागेना, तेव्हा जुन्या कॅमेऱ्याला शेवटची संधी द्यायची असं ठरलं. जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथलं हे पाणथळ २०२०मध्ये रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. थंडीत तिथं चक्रवाकांपासून रोहितांपर्यंत सगळी पाहुणेमंडळी उतरतात. ही बरोबर आली ती थर्मास आणि छत्री घेऊन. मनोऱ्यावरून मला लांब चिखलात चमचा पक्षी दिसला. पांढराशुभ्र, मान आत घेऊन स्वस्थ बसलेला. इतका शांत चमचा मी पाहिला नव्हता. चाळीस फोटो घेतले. गाईड पोरगा काहीतरी सांगायला बघत होता, त्याला मी बोटानं गप्प केलं.

घरी येऊन संगणकावर फोटो मोठा केला. “बघ,” मी म्हणालो, “एक पीस तरी सुटं दिसतंय? असला सेन्सर!”

हिनं वाकून पाहिलं.

“युरिया,” ही म्हणाली. “४५ किलो. खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे, वाचू?”

दुसऱ्या दिवशी आम्ही एम. जी. रोडला न जाता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डाव्यात पिकत आलेला. गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम बसवायचं, असं सांगून त्यांनी एका मुलीकडे पाठवलं. तिनं समोर किमतीचा तक्ता ठेवला आणि मला पुन्हा त्या दुकानात आल्यासारखं वाटलं. देशी लेन्स, परदेशी लेन्स. एक फक्त लांबचं नीट दाखवणारी, वाचायला चष्मा. दुसरी लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसण्याची शक्यता. भाचा तिथं असता तर त्यानं दुसरीच घ्यायला लावली असती. पण सिंहस्थाच्या पहाटे दिसेल त्या दिव्याभोवती वलय मला परवडणारं नव्हतं. मी पहिली घेतली. जुन्या लेन्सचे एक्स्चेंजमध्ये काही मिळतील का, असंही विचारलं. ती मुलगी हसली नाही. रोज कुणीतरी विचारत असावं.

पट्टी निघाली आणि जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसलं. दिवाणखान्याची भिंत मी सायीच्या रंगाची समजत होतो, ती पांढरी निघाली. छताच्या कोपऱ्यात जळमटं होती. ती दिसली हे ठीक, मी बोलून दाखवायला नको होतं. मग फोटो उघडले. वर्षभर प्रत्येक फोटोतला पिवळेपणा मी संगणकावर चिकाटीनं काढून टाकला होता, आणि तो फोटोत नव्हताच. माझे रोहित पक्षी वांग्याच्या रंगाचे झाले होते. भाच्यानं त्यांना ‘काय टोन आहे, मामा!’ म्हटलं होतं.

सगळे मिळून अकरा हजार फोटो. ते चाळताना सहज मोजलं. त्यांत ही चार ठिकाणी सापडली. दोनदा कॅमेऱ्यावर छत्री धरताना तिचा हात, एकदा पाठमोरी, आणि एकदा वेड्या राघूच्या मागं, अस्पष्ट.

रविवारी सकाळी हिला गॅलरीत खुर्ची टाकून बसवलं. ही नको नको म्हणत आत गेली आणि साडी बदलून आली. जुनाच कॅमेरा, जुनीच लेन्स. उजवा डोळा लावला. पांढरे झालेले केस, कपाळावरच्या आठ्या, चष्म्याच्या दांडीचा नाकावर पडलेला वण. हे सगळं केव्हा झालं? मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो असेन, कारण ही म्हणाली, “काढताय ना?”

काढला. हिनं पाहिला, लांब धरून पुन्हा पाहिला.

“एवढ्या सुरकुत्या नाहीयेत मला,” ही म्हणाली. “तुमच्या त्या सेन्सरमध्येच काहीतरी दोष असेल.”