न दाबलेला ब्रेक

आमच्या भागात मोटरसायकलचा पुढचा ब्रेक बहुतेकांसाठी शोभेचा असतो. गाडी शिकवताना काका, मामा, थोरला भाऊ, जो कुणी मागे बसलेला असेल तो पहिला धडा हाच देतो : "पुढचा दाबू नको, पलटी खाशील." मग पोरगं जन्मभर एकट्या उजव्या पायावर गाडी थांबवत राहतं. पुढच्या लिव्हरवर चार बोटं असतात, पण ती नुसती टेकलेली.

आमच्या घरी तर पुढचा ब्रेक सहा वर्षं बांधून ठेवलेला होता. बांधून म्हणजे खरोखरच बांधून. लिव्हर आणि मूठ यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळलेली. खालचे पॅड काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये ठेवलेले. पुढच्या चाकावर डिस्क तेवढी फिरायची, तिला धरणारं काही नव्हतं.

गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ पासून हे नाव राज्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो विषय मोठा आहे आणि वेगळा आहे. इथली गोष्ट आमच्या अण्णांच्या जुन्या दीडशे सीसी गाडीची आणि तिच्या पुढच्या चाकाची.

सहा वर्षांपूर्वी अण्णा अंबडहून येत होते. धुळे-सोलापूर महामार्ग वडीगोद्रीजवळ सोडून गावाच्या रस्त्याला लागले. गाडी ओढत नव्हती. रबर जळल्यासारखा वास येत होता. त्यांना वाटलं, क्लच गेला. पुढे एका वळणावर खडी पडलेली होती. तिथे वेग कमी झाला आणि पुढचं चाक जागच्या जागी धरलं. गाडी आडवी झाली. उजव्या खांद्याचं हाड मोडलं.

मी तेव्हा होस्टेलला होतो. घरी आलो तेव्हा भेटायला येणाऱ्यांचा निकाल लागून गेलेला होता : "पुढचा ब्रेक मारला असंल. खडीवर कुणी पुढचा मारतं का?" अण्णा प्रत्येकाला सांगायचे, "मी दाबलाच नव्हता." पाहुणे चहा पिता पिता मान हलवायचे. पडलेल्या माणसाच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवतं? हळूहळू अण्णांनी सांगणं सोडलं. एका गॅरेजात पॅड काढून घेतले, लिव्हर बांधली आणि विषय संपवला. खांदा जुळला, पण हात पूर्ण वर जात नाही. फवारणीचा पंप ते आता डाव्या खांद्यावर अडकवतात.

विषय उकरला तो धाकट्या बहिणीने. तिला अंबडच्या अभ्यासिकेत रोज जायचं होतं. लायसन्स काढलेलं होतं. अण्णा म्हणाले, "गाडी घेऊन जात जा, मला शेतात कशाला लागती?" तिने लिव्हरकडे पाहिलं आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही मला अर्धी गाडी देताय. तिच्यापेक्षा एसटी बरी."

अण्णा गप्प बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला हात लावू नको. मागच्यावर सहा वर्षं चालली, अजून दहा चालंल."

बहिणीचं बरोबर होतं. एसटीने जोरात ब्रेक मारला की उभी माणसं पुढे कोसळतात. मोटरसायकल थांबताना तेच होतं, सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं पडतं. हलक्या पडलेल्या चाकाला कितीही आवळा, ते रस्ता धरत नाही, नुसतं घसरतं. म्हणून थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढच्या ब्रेकचं असतं. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. आमच्याकडे गळिताच्या दिवसांत अंकुशनगरच्या कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतात, बऱ्याचदा मागच्या लाल दिव्याशिवाय. संध्याकाळी अभ्यासिकेतून परत येणाऱ्या मुलीच्या गाडीला तिथे एकच ब्रेक असणं, ही काही काटकसर नव्हे.

मी आयटीआय केलेला आहे आणि जालन्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. रविवारी घरी येतो. त्या रविवारी येताना नवे पॅड, मास्टर सिलिंडरचं किट, तांब्याचे वॉशर, सिलिकॉन ग्रीस आणि ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली घेऊन आलो.

आता हा ब्रेक काम कसा करतो ते आधी बघू, म्हणजे पुढचं कळेल. हँडलवर लिव्हरपाशी एक छोटी टाकी असते, तिच्याखाली मास्टर सिलिंडर. लिव्हर दाबली की आतला पिस्टन ऑइलला ढकलतो. ते ऑइल पाइपातून खाली कॅलिपरमध्ये जातं, तिथला पिस्टन पुढे येतो आणि दोन पॅड डिस्कला चिमटीत धरतात. इथवर बहुतेकांना माहीत असतं. सोडताना काय होतं, हे कुणी विचारत नाही. कॅलिपरच्या पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवती चौकोनी काठाचं एक रबरी सील असतं. पिस्टन पुढे जाताना ते थोडं पिळतं, आणि दाब गेला की परत सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेऊन येतं. तेवढ्याने पॅड सुटतात. पण त्यासाठी ऑइलला परत वर जायला वाट लागते.

ती वाट म्हणजे टाकीच्या तळातलं एक भोक. तळाला दोन भोकं असतात. एक मोठं, सहज दिसणारं. दुसरं सुईच्या टोकाएवढं. लिव्हर पूर्ण सुटलेली असते तेव्हा हे बारकं भोक उघडं असतं आणि खालचं ऑइल त्यातून टाकीत परत येतं. ब्रेक वापरून डिस्क तापली, ऑइल तापून फुगलं, तर ते वाढलेलं ऑइलही त्याच भोकातून वर सरकतं.

जाम होणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये दोष तीनपैकी एका जागी असतो : खाली कॅलिपरमध्ये, मध्ये पाइपात किंवा वर मास्टर सिलिंडरमध्ये. कुठे आहे ते ठरवल्याशिवाय काही बदलू नये. नाहीतर पॅड घासायचे, डिस्क घासायची, पैसे द्यायचे आणि आठवड्याने परत तेच.

मी लाकडाचा तुकडा काढला, कॅलिपर उतरवला आणि पिस्टन दोन अंगठ्यांनी मागे दाबून पाहिला. हलेना. गंजून बसला असेल असं कुणालाही वाटलं असतं. मग एअर काढायचा निप्पल पाव फेरा सैल केला आणि परत दाबलं. काळपट ऑइल बाहेर आलं आणि पिस्टन मागे गेला. म्हणजे तो गंजलेला नव्हता, ऑइल अडलेलं होतं. निप्पल घट्ट केला, लिव्हर एकदा हलकी दाबून पिस्टन थोडा पुढे आणला आणि या वेळी वरचा, मास्टर सिलिंडरपाशी पाइप धरणारा बोल्ट जरा सैल केला. परत दाबलं. ऑइल वरून पाझरलं, पिस्टन सरकला. म्हणजे पाइपही मोकळा. उरला मास्टर सिलिंडर.

टाकीचं झाकण उघडलं. आत ऑइल नव्हतं, काकवी होती. ताजं ब्रेक ऑइल फिकट पिवळं असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. कोरडं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १४० लाच उकळू शकतं. आमच्या टाकीत तर तळाला चिकट गाळ बसलेला होता. फडक्याने सगळं टिपून घेतलं. मोठं भोक दिसलं. बारकं दिसतच नव्हतं. टॉर्च मारला तेव्हा त्या जागी एक तपकिरी ठिपका दिसला.

मी अण्णांना हाक मारली. ते दारातच बसलेले होते, सकाळपासून आपलं लक्ष नाही असं दाखवत.

"अण्णा, त्या दिवशी अंबडहून निघाल्यावर महामार्गावर चार-पाच वेळा ब्रेक लागला असेल ना?"

"लागला असंल. ट्रक होते पुढं."

मी त्यांना टॉर्चच्या उजेडात तो ठिपका दाखवला. ब्रेक लागला, डिस्क तापली, ऑइल फुगलं. वर यायची वाट बंद. मग फुगलेल्या ऑइलने पॅडच आवळले. पॅड घासून डिस्क अजून तापली, ऑइल अजून फुगलं. लिव्हरला बोटही न लावता ब्रेक स्वतःच लागत गेला. वेग होता तोवर गाडी ओढली गेली. खडीपाशी वेग कमी झाला आणि चाक धरलं.

"म्हणजे तुम्ही दाबला नव्हता," मी म्हणालो.

अण्णा बराच वेळ टाकीत बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्याशा भोकानं?" आणि थोड्या वेळाने, आईकडे वळून, "ऐकलं का?"

आईने ऐकलं होतं.

पुढचं काम सोपं होतं. विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार काढली आणि भोक मोकळं केलं. मास्टर सिलिंडर खोलून ताज्या ब्रेक ऑइलने धुतला आणि किट बदललं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : ब्रेकच्या आतल्या रबराला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावायचं नाही. रबर फुगतं आणि बरा झालेला ब्रेक परत धरायला लागतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्याही कोरड्या पडल्या होत्या. त्या पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं. पिस्टनचा बाहेरचा भाग स्वच्छ केला, नवे पॅड बसवले, बोल्टाला नवे तांब्याचे वॉशर घातले. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून टाकीवर ओलं फडकं अंथरलं होतं.

एअर काढायला दोन माणसं लागतात. बहीण लिव्हरवर, मी खाली निप्पलवर पाना घेऊन. "दाब. धरून ठेव." मी निप्पल उघडायचो, नळीतून बुडबुडे बाटलीत जायचे, मी बंद करायचो. "सोड." टाकीतलं ऑइल तळाला जाऊ द्यायचं नाही, नाहीतर परत हवा शिरते. झाकण लावायच्या आधी तिला लिव्हर अगदी हळू दाबायला सांगितली. त्या बारक्या भोकातून ऑइलचा छोटासा झरा वर उसळला. भोक उघडं असल्याची खूण तीच.

मग पुढचं चाक अधांतरी करून हाताने फिरवलं. दाबलं, थांबलं. सोडलं, लगेच फिरलं. असं दहा वेळा. त्यानंतर मी गावाबाहेर चार किलोमीटर जाऊन आलो, मधे ब्रेक मारत, आणि शेवटचा टप्पा पुढच्या ब्रेकला हात न लावता. अण्णांनी तांब्यातलं पाणी बोटांनी डिस्कवर शिंपडलं. चर्र झालं नाही.

डिस्क ब्रेक ही कल्पना तशी जुनी. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने ती मोटरसायकलवर सर्वसामान्यांपर्यंत आणली, आपल्याकडे १९९९ मध्ये आलेल्या सीबीझेडने अनेकांना तिची ओळख करून दिली. आणि १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे घाबरून जोरात दाबलं तरी चाक जागेवर धरू नये. ज्या भीतीने आम्ही लिव्हर बांधली, तिच्यावर उत्तर शोधताना कुणी पुढचा ब्रेक काढून टाकला नाही. त्याला सोडायला शिकवलं.

आमच्या जुन्या गाडीला एबीएस नाही. म्हणून बहिणीने दोन संध्याकाळी गावाबाहेरच्या सरळ डांबरी तुकड्यावर सराव केला : आधी २०, मग ३०, मग ४०. एकदम झटका नाही, लिंबू पिळावं तसं वाढवत न्यायचं. खडीवर आणि वळणात हात हलका. सोमवारी ती निघाली तेव्हा अण्णा फाटकापाशी उभे होते. "पुढचा दाबू नको" म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "दोन्ही दाबत जा. हळू."

जुनी डिस्कची गाडी घरात असेल तर महिन्यातून एकदा पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. ब्रेक दाबा, सोडा, परत फिरवा. फिरताना जड वाटलं, किंवा चालवून आल्यावर जड आणि थंड झाल्यावर मोकळं वाटलं, तर गाडी तशीच दामटू नका. स्वतः येत नसेल तर गॅरेजवाल्याला फक्त पॅड बघायला सांगू नका, वरचं झाकण उघडायला सांगा.

परवा वडीगोद्रीला चहाच्या टपरीवर थांबलो होतो. अण्णा माझ्या आधीच तिथे पोचलेले. समोर दोघंतिघं बसलेले, त्यातले एक आमचे पाहुणे, तेव्हा मान हलवणाऱ्यांपैकी. अण्णांनी काडेपेटीतली काडी उभी धरली होती आणि तिच्या टोकावर नख ठेवून सांगत होते, "याच्याहून बारीक. एवढंसं भोक."