वर्मावर बोट

कोकणातल्या धामापूरचं तळं १५३० सालचं. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. दंतकथा अशी की लग्नघरी दागिने नसले तर फुलांचे दागिने परडीत घालून तळ्यात सोडायचे. परडी सोन्याचे घेऊन वर यायची. कार्य उरकलं की ते परत करायचे. कुणीतरी ते ठेवून घेतले आणि तळ्याचं देणं आटलं.

ज्ञान उघडं ठेवण्याचा सगळा प्रश्न या गोष्टीत आहे. एकानं हाव केली म्हणून सगळ्यांचं बंद करायचं का?

*

संगणकातला ‘वर्म’, म्हणजे आपणहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, आणि आपलं वर्म एकाच अक्षरांत लिहिलं जातं. तो नेमका दुसऱ्याच्या वर्मावरच घाव घालतो.

*

२५ जानेवारी २००३, ‘स्लॅमर’ नावाचा वर्म. लांबी फक्त ३७६ बाइट. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट. निदान ७५ हजार संगणक बाधित, त्यातले बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतल्या ‘वायर्ड’ मासिकानं त्याचा कोड उलगडून छापला. वाचकांना शिकवता की चोरांना, असा वाद पेटला.

*

पण स्लॅमर ज्या भोकातून शिरला त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं जुलै २००२ मध्येच दिली होती. भोक शोधणाऱ्या डेव्हिड लिचफिल्ड यांनी त्याचा नमुना-कोडही त्याच सुमारास जाहीर केला. वर्म त्या नमुन्यावर बेतला गेला. दुरुस्ती मात्र हजारोंनी बसवलीच नाही. उघड झालेलं चोरानं वाचलं, घरधन्यानं नाही.

*

आपल्या दारातलं उदाहरण न्हावाशेव्याचं. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ या वर्मानं मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे संगणक पाडले आणि तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम अडलं. त्यातली दोन मुख्य हत्यारं आधीच जगजाहीर होती: अमेरिकी हेरखात्यातून चोरून एप्रिलमध्ये उघड्यावर टाकलेलं ‘इटर्नलब्लू’, आणि पासवर्ड उपसणारं ‘मिमिकॅट्झ’. पहिल्यावरची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती. मध्ये १०५ दिवस. एक यंत्र दुरुस्तीविना राहिलं तरी तिथून चोरलेल्या पासवर्डांवर तो वर्म दुरुस्त यंत्रांतही शिरत होता. एकाच्या आळसाची झळ साऱ्या वाडीला.

*

आमच्या कोकणातल्या रानात विषारी काजरा आहे. फळ पिकून केशरी होतं, पोरांचा हात जातो. मोठी माणसं झाड दाखवतात, पान दाखवतात, ‘तोंडाक लावू नको’ म्हणून बजावतात. बी कशी शुद्ध करावी, मात्रा किती, हे वैद्यानं जाणायचं. झाड लपवणारा पोराचा घात करतो. पोराच्या हाती कुटलेली बी देणाराही.

*

माझं मत पक्कं आहे. चालू शकेल असा पूर्ण कोड वर्तमानपत्रानं छापू नये. तो तपासणाऱ्यांपर्यंत पोचावा. वर्म कुठून शिरतो, कसा पसरतो, भोक कुणाच्या मालात होतं, हे मात्र नावानिशी छापावं. लपवाछपवीनं फक्त निष्काळजी कंपनीची अब्रू झाकली जाते.

*

मला हवी असलेली बातमी चार ओळींची, मराठीत, पहिल्या पानावर: अमुक प्रणालीत भोक सापडलं. दुरुस्ती आज आली. ती अशी बसवा. बसवेपर्यंत हे करू नका.

ती पहिल्या दिवशी छापावी. एकशे पाचव्या दिवशी नुकसानीची बातमी छापावी लागणार नाही.