आकडा सोडण्याआधी

पोटॅशियम ८.९, कॅल्शियम ५.२. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर एवढंच लिहायचं आणि खडू खाली ठेवायचा. पोरं पाठ करून आलेली असतात, भराभर हात वर होतात. मूत्रपिंडं निकामी झाली, आयसीयूला कळवा, एवढ्या पोटॅशियमने हृदय बंद पडेल. चूक काहीच नाही. मग खाली आणखी एक ओळ लिहायची : रुग्ण बाहेरच्या बाकावर बसून वडापाव खातो आहे, तक्रार काही नाही, ईसीजी नॉर्मल.

वर्ग गप्प होतो. उत्तर येतं ते बहुधा सुट्टीत एखाद्या कलेक्शन सेंटरवर काम केलेल्या मुलाकडून. "मॅडम, जांभळ्या ट्यूबमधलं रक्त पिवळ्या ट्यूबमध्ये ओतलंय." जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि स्वतः पोटॅशियमचा क्षार असतं. पिवळी ट्यूब कमी भरली म्हणून कुणीतरी जांभळीतून थोडं रक्त तिच्यात ओतलं, की पोटॅशियम घातलं गेलं आणि कॅल्शियम काढून घेतलं गेलं. यंत्राने मोजलं ते अगदी अचूक मोजलं. पण मोजलं ते रुग्णाच्या अंगातलं रक्त नव्हतं.

प्रयोगशाळा वैद्यकशास्त्र विद्यापीठात शिकायचं ते यासाठी. अ‍ॅनालायझर चालवायला कंपनीचा इंजिनिअर चार-आठ दिवसांत शिकवून जातो. नमुना लावा, बटण दाबा, आकडा येतो. तो आकडा कधी सोडायचा नाही, हे कळायला मात्र तीन-चार वर्षं लागतात, आणि या शिक्षणातला महागाचा भाग तेवढाच आहे, असं माझं मत आहे.

या अभ्यासक्रमाला येणाऱ्यांतले बरेचसे ठरवून आलेले नसतात. बारावीला बायोलॉजी, नीटचा एक-दोनदा प्रयत्न, मेडिकलला नंबर नाही, मग कुणीतरी काकांनी सुचवलं म्हणून ‘लॅबचा कोर्स’. वाटा पुष्कळ आहेत आणि त्यांतला फरक प्रवेश घेईपर्यंत कुणी नीट सांगत नाही. डीएमएलटी ही पदविका. पारंपरिक विद्यापीठांतली बीएस्सी. आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीतली बीपीएमटी ही पदवी, जी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत राहून शिकायची आणि शेवटी इंटर्नशिप करायची. घरी मात्र तिघांचंही वर्णन एकच : "रक्त तपासायचं शिकतोय."

रक्त तपासण्याआधी ते घ्यावं लागतं आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. दंडाला पट्टा आवळून मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं आणि प्रथिनं, कॅल्शियम वाढलेली दिसतात. ट्यूब भरण्याचा क्रम ठरलेला : आधी कल्चरची बाटली, मग निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, जांभळी आणि सगळ्यात शेवटी करडी. निळ्या ट्यूबमध्ये सायट्रेट असतं, त्याच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग. खुणेपर्यंत ट्यूब भरली नाही की रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच वाढतो आणि डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. विद्यार्थ्यांना हा क्रम व्हायवासाठी पाठ असतो. का, हे कळतं ते वॉर्डात गेल्यावर. तिथे सिस्टरने सकाळी सातला घेतलेली रक्तं वॉर्डबॉय मामा दुपारी एकदमच खाली आणतात. साध्या ट्यूबमध्ये पेशी तशाच राहिल्या तर त्या साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. नागपूरच्या मे महिन्यात त्याहून जास्तच. सकाळी मधुमेह असलेला माणूस दुपारपर्यंत कागदावर बरा झालेला असतो. करड्या ट्यूबमधलं फ्लोराइड ही खादाडी थांबवण्यासाठी असतं, पण त्यालाही पुरता जोर धरायला तास-दोन तास जातात. हे पुस्तकात बारीक अक्षरात असतं.

पहिल्या वर्षी मुलांची एक तक्रार कायम असते. पाच मिनिटांत पंचवीस आकडे देणारा सेल काउंटर शेजारी उभा असताना आम्ही न्यूबॉर चेंबरवर पांढऱ्या पेशी हाताने का मोजायच्या? रक्त वीस पट पातळ करा, काचेच्या चेंबरमध्ये सोडा, चार कोपऱ्यांतल्या चौकोनांतल्या पेशी मोजा, पन्नासने गुणा. मान मोडून येते. वॉलेस कूल्टरने छिद्रातून जाणारी एकेक पेशी विजेच्या अडथळ्यावरून मोजायची युक्ती काढली, तिचं पेटंट १९५३ सालचं. म्हणजे ही तक्रारही नवी नाही.

तिचं उत्तर पावसाळ्यात मिळतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेंग्यूची लाट येते आणि सगळं गाव प्लेटलेटच्या भाषेत बोलू लागतं. घराघरांत पपईच्या पानांचा रस निघतो. यंत्र सांगतं, प्लेटलेट १८,०००. नातेवाईक रक्तपेढीकडे धावायच्या बेतात. अशा वेळी शिकलेला तंत्रज्ञ रिपोर्ट सोडत नाही. तो त्याच रक्ताचा एक थेंब काचेवर ओढतो, लिशमन स्टेन करतो आणि आधी स्मिअरच्या टोकाकडची, पिसासारखी विरळ होत जाणारी कडा बघतो. तिथे जांभळ्या प्लेटलेटचे पुंजके दिसले तर प्रकार वेगळाच असतो. काही माणसांच्या रक्तात ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. यंत्राला तो पुंजका म्हणजे एखादी पांढरी पेशी वाटते आणि प्लेटलेट हरवतात. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं, आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण सायट्रेटमुळे रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. पुंजके नसतील तर तेलाच्या भिंगाखाली दहा-बारा क्षेत्रं बघायची. एका क्षेत्रात सरासरी एक प्लेटलेट म्हणजे अंदाजे १५ ते २० हजार. आठ दिसत असतील तर १८,००० हा आकडा शक्यच नाही. हे करायला जेमतेम वीस मिनिटं लागतात. मान मोडून मोजणी केलेली नसेल, तर स्वतःच्या डोळ्यावर भरवसा ठेवून यंत्राला ‘नाही’ म्हणायची हिंमत होत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाकावर हीच गोष्ट आणखी जुन्या पद्धतीने शिकवली जाते. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला आणि पुढच्या काही वर्षांत झील आणि नीलसन यांच्या नावाची रंगवण्याची रीत रुळली. ती आजही परीक्षेला असते. बेडक्यातला पिवळसर, घट्ट भाग खराट्याच्या हिराने उचलायचा, काचेवर साधारण तीन बाय दोन सेंटिमीटर पसरायचा, वाळवून आचेवरून फिरवायचा. वर कार्बोल फुक्सिन ओतून खालून तापवायचं, वाफ दिसेपर्यंत, उकळू द्यायचं नाही. मग २५ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, क्षयाच्या जंतूच्या मेणचट आवरणातला लाल रंग उतरत नाही. शेवटी मिथिलिन ब्लू. निळ्या मैदानावर बारीक, किंचित वाकडे लाल दांडे. ते सापडले नाहीत तर शंभर क्षेत्रं बघितल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही, असा नियम आहे. सत्तराव्या क्षेत्रापर्यंत डोळे पाणावतात आणि ‘नसतीलच आता’ असं वाटू लागतं. शंभर क्षेत्रांत एक ते नऊ जंतू दिसले तर नेमका आकडा लिहायचा असतो, आणि ते एक-दोन बऱ्याचदा शेवटच्या तिसात भेटतात.

आता ही तपासणी मागे पडते आहे आणि पडायलाच हवी. सूक्ष्मदर्शकाला हजारो जंतू असल्याशिवाय काही दिसत नाही. सीबीनॅट दोन तासांत जंतूचं जनुक शोधतं आणि रिफाम्पिसिनला तो दाद देईल का, तेही सांगतं. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, म्हणून आरोग्य केंद्रापर्यंत पोचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. पण मृत जंतूचं जनुकही या यंत्रांना सापडतं. उपचार पूर्ण केलेल्या माणसाचा ट्रूनॅट पॉझिटिव्ह आला तर घाबरायचं की नाही, हे यंत्र सांगत नाही. उपचार चालू असताना फरक पडतोय का, हे बघायला अजून स्लाइडच लागते. म्हणून हिराची काडी अभ्यासक्रमात आहे.

आमच्या शास्त्राने मुंबईचं नाव जगाच्या पाठ्यपुस्तकात नेलं, हे मुलांना सांगितलं की ती जरा ताठ बसतात. डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. ए आणि बी ही प्रतिजनं ज्या एच नावाच्या पायावर उभी राहतात, तो पायाच या माणसांच्या लाल पेशींवर नसतो. नेहमीच्या चाचणीत त्यांचा गट सरळ ‘ओ’ येतो. ओ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेतेल, कारण ओच्या पेशींवर एच भरपूर असतं आणि यांच्या रक्तद्रवात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार बसलेली असतात. भारतात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक. तो सापडतो कसा? रुग्णाच्या पेशी तपासल्यावर उलटही तपासायचं, म्हणजे त्याचा रक्तद्रव माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींशी मिसळून बघायचा. ओ पेशींच्या गुठळ्या झाल्या की थांबायचं. ही उलटी तपासणी घाईच्या वेळी सगळ्यात आधी गाळली जाते. रात्री दोन वाजता प्रसूतीची रुग्ण रक्तस्रावाने पांढरी पडलेली असताना ती न गाळणारा माणूस तयार करणं, हे आमचं काम.

विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या विद्यार्थ्यांना आणखी एक विषय घरचा असतो, सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलीन, एवढाच बदल. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून देशव्यापी मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोकांची तपासणी करायची. शिबिरात सोपी सोल्युबिलिटी चाचणी करतात. थेंबभर रक्त द्रावणात टाकायचं, ट्यूबमागे रेघांचा कागद धरायचा, रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. आता घोळ असा, की वाहक आणि रुग्ण दोघांचीही ट्यूब सारखीच गढूळ होते. दोघांत फरक करायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. आणि तान्ह्या बाळाच्या रक्तात अजून गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असल्याने आजारी बाळही या चाचणीत सुटू शकतं. हे न सांगता शिबिरात हातात दिलेली ‘पॉझिटिव्ह’ची चिठ्ठी एखाद्या मुलीचं लग्न मोडते. ती फक्त वाहक असते, ठणठणीत असते.

दर सकाळी पहिला नमुना लावण्याआधी कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, चालवायचे आणि त्यांचे ठिपके लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर मांडायचे, हे काम विद्यार्थ्यांना सगळ्यात कंटाळवाणं वाटतं. जेम्स वेस्टगार्ड यांनी १९८१ साली त्यासाठी नियमांचा संच दिला. सलग दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर प्रत्येक ठिपका मर्यादेत असूनही यंत्र हळूहळू सरकत चाललंय असं समजायचं. कंट्रोल बाहेर गेला म्हणून मर्यादेत येईपर्यंत तोच पुन्हा पुन्हा चालवायचा, ही सवय मात्र पुष्कळ ठिकाणी दिसते. माझ्या लेखी ती सरळ लबाडी आहे. आणि आकड्यांचीच गोष्ट निघाली आहे तर, ‘७० टक्के वैद्यकीय निर्णय प्रयोगशाळेवर अवलंबून असतात’ हे वाक्य आमच्या प्रत्येक परिषदेत ऐकू येतं. त्याच्यामागे भक्कम अभ्यास नाही. आपल्याच पेशाची स्तुती करणारा आकडाही तपासल्याशिवाय सोडू नये.

इतकं शिकून बाहेर पडल्यावर काय? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं, की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. गल्लोगल्ली स्वतःच्या सहीने लॅब चालवणारे त्यावर नाराज आहेत. मला निर्णय योग्य वाटतो, पण सही विकत मिळणार असेल तर त्याचा उपयोग शून्य. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आणि त्याच्या यादीत पहिलाच गट प्रयोगशाळेचा आहे. पगार मात्र अजून लाजिरवाणे आहेत. खासगी लॅबमध्ये पदवीधर आणि सहा महिन्यांचा कुठलासा कोर्स केलेला यांना एकाच तराजूत तोलतात.

परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. ब्रिटनमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट हे कायद्याने राखलेलं पदनाम आहे आणि त्यासाठी एचसीपीसी या परिषदेकडे नोंदणी लागते. तिथल्या विद्यापीठातून नुसती एमएस्सी केली म्हणजे नोंदणी मिळते, असं नाही. मान्यताप्राप्त मूळ पदवी आणि प्रशिक्षणाचा नोंदवलेला अनुभव बघतात. लाखोंचं कर्ज काढण्याआधी हे एजंटला नव्हे, थेट परिषदेला विचारावं.

आणि इथेच प्रवेश घेणाऱ्यांनी महाविद्यालयाची इमारत, वातानुकूलित वर्ग, प्लेसमेंटचे फलक बघत बसू नये. स्वतःचं रुग्णालय आहे का आणि तिथे रोज किती नमुने येतात, ते विचारा. रात्रपाळीला विद्यार्थी बसतात का, तेही विचारा. मग लॅबमध्ये जाऊन गेल्या महिन्याचा कंट्रोलचा आलेख आणि नाकारलेल्या नमुन्यांची वही दाखवायला सांगा. वही कोरी असेल, तर तिथे प्रवेश घेऊ नका.