एक दिवस रोमनगरीत

रोमनगरी एका दिवसात पाहू म्हणणाऱ्या माणसाची कीवच करावयास हवी. २०२५ च्या ज्युबिली वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, तसा एक माणूस मी होतो.

माझी धाकटी बहीण इटलीत परिचारिका आहे. रोमपासून आगगाडीने दीड तासाच्या अंतरावर तिचे बिऱ्हाड. आईला तिने तीन आठवड्यांकरिता बोलावून घेतले व सोबतीस मी गेलो. धर्मविद्येच्या अभ्यासाकरिता तरुणपणी दोन वर्षे मी रोममध्ये काढली असल्यामुळे त्या दिवसाचे पुढारीपण आपोआपच मजकडे आले. आदल्या रात्री मी सात स्थळांची यादी केली व प्रत्येकापुढे वेळ घातली. आईने यादी वाचून घेतली नाही. तिने एवढेच विचारले, "त्यात हात आहे न्हवं?"

या हाताची हकीकत वाचकांस सांगितली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाचे दर्शन खुले होते. आमच्या गावच्या मंडळींबरोबर आईही जाऊन आली. देहाला उजवा हात नाही, ही गोष्ट तिने पूर्वी ऐकली होती. पण या खेपेस ती तिच्या मनात घर करून बसली. १६१४ साली येशूसंघाचे तत्कालीन श्रेष्ठी क्लाउदिओ आक्वाविवा यांच्या आज्ञेवरून संतांचा उजवा हात कोपरापासून वेगळा करून रोमला पाठविण्यात आला, तो आजतागायत तेथेच आहे.

"आहे, पाचव्या क्रमांकावर," मी म्हणालो. "वाटेवरच पडतो."

सकाळी स्थानकावर उतरून आम्ही ६४ क्रमांकाच्या बसने सेंट पीटर्सला गेलो. त्या भव्यतेविषयी मी नवे काय लिहिणार? बर्निनीने चौकाभोवती उभारलेल्या दोनशे चौऱ्याऐंशी खांबांची संख्या मी मुलांना सांगितली आणि अकरा वर्षांचा भाचा ते मोजू लागला. पवित्र द्वारातून जाण्यासाठी मोठी रांग होती. आईचे गुडघे दुखतात; तरी काठी टेकीत ती उभी राहिली. द्वाराशी येताच तिने ब्राँझच्या चौकटीला हात लावून डोळ्यांना लावला. आत मायकेलअँजेलोची 'पिएता' आहे. १९७२ साली एका माथेफिरूने तिच्यावर हातोड्याचे घाव घातले, तेव्हापासून ती काचेआड असते. मृत पुत्राला मांडीवर घेतलेल्या त्या मातेकडे आई बराच वेळ पाहत राहिली. मी घड्याळ पाहिले.

बाहेर आलो तो बारा वाजले. मेहुण्यांनी मुलांना आइस्क्रीम घेऊन दिले होते. घंटा ऐकून मी दुपारची मरियेची प्रार्थना सुरू केली, तो सात वर्षांच्या भाचीने डाव्या हाताने क्रूसाची खूण केली, कारण उजव्या हातात आइस्क्रीम होते. मी तिला दटावले, "उजव्या हाताने." गडबडीने हात बदलताना बिचारीचे आइस्क्रीम फरशीवर पडले. आई हलकेच म्हणाली, "असू दे की रे." आणि ती माझ्याकडे अशा काही नजरेने पाहू लागली की मी नाहक यादी उघडून बसलो.

बहिणीने आणलेल्या चपात्या व बटाट्याची भाजी एका बाकावर बसून खाल्ली. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत. त्यांतून पिण्याचे थंड पाणी अहोरात्र वाहते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून कारंज्यासारखी धार उडते. मुले त्या खेळात ओलीचिंब झाली. आमच्या यादीत हे स्थळ नव्हते, पण मुलांना विचाराल तर रोममध्ये पाहण्याजोगे तेच.

पुढे पँथिऑन. जुन्या रोमन लोकांचे हे मंदिर सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. ६०९ साली पोप चौथे बोनिफास यांनी ते पवित्र मरियेला व हुतात्म्यांना अर्पण करून ख्रिस्तमंदिर केले, म्हणूनच ते टिकले. त्रेचाळीस मीटर रुंद घुमट, तितकीच उंची, मध्ये एकही खांब नाही आणि माथ्यावर उघडे गोल भोक. पाऊस त्यातून सरळ आत येतो व फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. आई वर पाहून म्हणाली, "एवढं बांधलं, आणि वरची कौलं घालायची राहिली काय?"

चार वाजून गेल्यावर आम्ही येशूसंघाच्या जेझू मंदिरात शिरलो. उजव्या बाजूच्या वेदीवर संत फ्रान्सिस यांच्या मरणाचे कार्लो माराताचे चित्र आहे: १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर, आप्तांपासून दूर. त्या वेदीवरच सोनेरी पात्रात काचेमागे तो हात. काळवंडलेला, वाळलेला. १५४० साली हा मनुष्य रोम सोडून निघाला तो पुन्हा कधी आला नाही. भारताच्या दक्षिण किनाऱ्यावरून रोमच्या बांधवांना लिहिलेल्या पत्रात त्याने कळविले होते की, स्नानसंस्कार देऊन देऊन कधीकधी हात भरून येतात. पत्र आले, पुढे हात आला, तो मात्र आपल्याकडेच राहिला. २०१८ साली हा हात कॅनडातील भाविकांच्या दर्शनासाठी नेला, तेव्हा विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन घेतले होते, हे सांगताच भाच्याला हसू आवरेना.

हे सर्व मी दहा मिनिटांत सांगून टाकले. आई समोरच्या बाकावर बसली. पंधरा मिनिटे झाली, अर्धा तास झाला. मी जवळ जाऊन म्हणालो, "आई, दर्शन झाले ना? अजून दोन ठिकाणे राहिली आहेत."

"तुम्ही जाऊन या. मी बसते."

माझा आवाज चढला. "एका जागी बसूनच राहायचे होते, तर गावचे देऊळ काय वाईट होते?"

पुढच्या बाकावरील दोघी-तिघींनी वळून पाहिले. चारचौघांत आई मला नेहमी 'फादर' म्हणते. त्या वेळी ती म्हणाली, "बाळ, बस जरा."

मी बसलो.

माझे वडील शेवटची सहा वर्षे अर्धांगवायूने अंथरुणावर होते. उजवे अंग पार गेले होते. मी त्या काळात दूरच्या धर्मग्रामांत होतो. वर्षातून दोनदा घरी येत असे.

"तू एकदा नाताळानंतर आला होतास," आई वेदीकडे पाहत सांगू लागली. "जपमाळेला त्यांनी डाव्या हातानं खूण केली. तू म्हणालास, बाबा, डाव्या हाताने नको, मनात केली तरी चालते. त्या दिवसापासून त्यांनी तो हात उचलला नाही. रोज रात्री मीच त्यांचा उजवा हात धरून कपाळाला, छातीला, खांद्यांना लावायची. लाकडासारखा जड. तुला सांगू नको म्हणाले, पोरग्याला वाईट वाटेल."

मला प्रथम काहीच आठवले नाही. मग कंदील आठवला, त्या संध्याकाळी वीज गेली होती म्हणून लावलेला; आणि बाबांचा अर्ध्यावर थांबलेला हात. अर्धांगाच्या रोग्याने डाव्या हाताने क्रूसाची खूण करू नये असा नियम मी शिकलेल्या धर्मविद्येत कोठेही नाही. तेव्हाही मला ते ठाऊक होते.

"याला सांगायला आले," आई हाताकडे मान करून म्हणाली. "तुझं अंग तिकडं, हात इकडं. तुला कळेल. आमच्या माणसाचा हात त्याला दे म्हणावं."

साडेपाचला दिवे मंद झाले. समोरच्या बाजूस संत इग्नेशियस यांची वेदी आहे. तेथे रोज या वेळी संगीत सुरू होऊन वेदीवरील मोठे चित्र हळूहळू खाली सरकते आणि मागे संताचा रुपेरी पुतळा प्रकट होतो. मुले तोंडाचा आ वासून पाहत होती. आईने मात्र जागा सोडली नाही. मीही तिच्याजवळ बसून राहिलो. यादी खिशात होती. ती पुढे कोठे गेली कोण जाणे.

निघताना आईने रुमालाची गाठ सोडून दोन युरोचे नाणे पेटीत टाकले. दारापाशी तीर्थाच्या पात्राजवळ भाची थबकली. तिच्या उजव्या हातात आजीची काठी होती. तिने डाव्या हाताची बोटे पाण्यात बुडविली, माझ्याकडे पाहिले आणि तशीच उभी राहिली.

"कर," मी म्हणालो.

परतीच्या बसला गर्दी फार होती. एका तरुणाने उठून आईला जागा दिली.